खुन्नसताई

"मी तुम्हाला मदतबिदत करत नाही हं," पहिल्याच भेटीत ताईंनी मला सुनावलं. "मी तुम्हाला वापरते. तुमच्यातलं एकेक पोर पास झालं की एका माणसाच्या नाकाला मिरच्या झोंबतात. मला तेवढं पुरे. बस. पाणी पिणार का?"

अख्खं कॉलेज त्यांना खुन्नसताई म्हणायचं. तोंडावर नुसतं ताई, पाठ वळली की खुन्नसताई. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं आणि माझ्या मते आवडतही होतं. घट्ट वेणी, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, आणि आवाज असा की जिन्याच्या वरच्या टोकाला उभ्या असलेल्या पोरालाही वाटावं, आपल्यालाच ओरडल्या. 'विद्यार्थी साहाय्य कक्ष' अशी पाटी असलेली त्यांची खोली जिन्याखाली होती, पाण्याच्या टाकीला लागून. एका भिंतीला बारा महिने ओल. दोन टेबलं, त्यातलं एक लंगडं. पंखा त्यांनी भांडून मिळवलेला, आणि तो फिरायचाही भांडल्यासारखाच. कुणी फिरकू नये म्हणूनच कॉलेजनं ती जागा दिली असावी. पण आम्ही जायचो. ज्यांच्या घरातलं याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, ती सगळी पोरं तिथं जमायची.

काय मिळायचं तिथं? जे बाकीच्यांना घरात जेवता जेवता कळतं ते. आईबाप, मामा, मोठी बहीण, त्यांचं कुणीतरी आधी जाऊन आलेलं असतं. आम्हाला कोण सांगणार, कपाळ? सरांच्या दारावर 'भेटण्याची वेळ' लिहिलेली असते ती आपल्यासाठी असते, हे मला तिथं कळलं. तोवर मला वाटायचं, ती पाहुण्यांसाठी. पेपर परत तपासायला देता येतो. आजारी पडलं तर परीक्षा पुन्हा मागता येते. आणि 'मला कळलं नाही' हे वर्गात मोठ्यानं म्हणता येतं, आभाळ कोसळत नाही. हे वाक्य ताई आमच्याकडून ओरडून म्हणून घ्यायच्या. "मोठ्यानं! टाकीपलीकडच्या माळ्याला ऐकू गेलं पाहिजे!" माळी बिचारा एकदा खरंच आत येऊन विचारून गेला, काय कळलं नाही म्हणून.

ज्याच्या नाकाला मिरच्या झोंबवायच्या तो माणूस म्हणजे आमचे गणिताचे तराजू सर. हे नाव त्यांना तोलूनमापून बोलण्यामुळे पडलं होतं. कधी आवाज चढला नाही, कधी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ताई याच कॉलेजात शिकायला आल्या होत्या, तेव्हाही हेच सर होते. ताईंचे वडील लाकडाच्या वखारीत हमाल. तिसऱ्या वर्षी भर वर्गात सरांनी विचारलं, घरी कोण काय करतं? ताईंनी सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे ओझं उचलायची सवय आहे घराला. पण हे ओझं वेगळं असतं. झेपत नसेल तर खाली ठेवावं माणसानं." वर्ग हसला. ताईंनी पिशवी उचलली आणि तडक बाहेर पडल्या, त्या पुन्हा त्या वर्गात गेल्याच नाहीत.

"तिथं चुकलं माझं," त्या आम्हाला सांगायच्या. "मला वाटलं, मी त्याच्या तोंडावर दार आपटलं. अगं, दार माझंच बंद झालं! त्याचं काय गेलं? म्हणून सांगते, उठून यायचं नाही. काय वाट्टेल ते होवो, बूड खुर्चीला चिकटलेलं पाहिजे." पुढं त्यांनी दुसऱ्या गावाहून, नोकरी करत पदवी घेतली आणि जिद्दीनं याच कॉलेजात या जिन्याखालच्या जागेसाठी अर्ज केला. तेव्हापासून दर निकालाच्या दिवशी त्या सरांच्या खोलीसमोरून मुद्दाम दोनदा जायच्या. "मला बघितलं की मान खाली घालतो," त्या म्हणायच्या. "डाचतं मेल्याला. डाचू दे!"

आता माझं ऐका. माझे बाबा आणि काका जुने सोफे, खुर्च्या, गाद्या नव्यानं शिवून देतात. बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची शटरवाली खोली आहे. बाबा आणि काका सांगाडा, स्प्रिंगा, काथ्या, फोम बघतात, आई बटणांवर कापड चढवते, मी शाळेतून आले की दाभणात सुतळी ओवायला बसायची. आमच्या धंद्याचा एक नियम आहे आणि तो मी बोलायला लागायच्या आधीपासून ऐकत आले: उघडा सोफा गिऱ्हाईकाला दाखवायचा नाही. एकदा काका शटर ओढायला विसरला आणि एक बाई आत आल्या. स्वतःच्या सोफ्याचं फाडलेलं पोट, त्यातला कुजका काथ्या आणि उंदरांचा नांदता संसार बघून मटकन खाली बसल्या, त्याही खिळ्यांच्या डब्यावर. ते गिऱ्हाईक गेलंच, वर बाजारभर बोभाटा. म्हणून आमच्याकडे काम चालू असताना शटर अर्धं खाली. काम झालं की फरशी झाडायची, चिंध्या, कातरण, जुना काथ्या सगळं उकिरड्यावर, आणि मग सोफा मधोमध ठेवून शटर वर. गिऱ्हाईकानं तयार वस्तू बघायची. ती कशी झाली याच्याशी त्याला काय करायचंय?

तिसऱ्या वर्षाला दोन भागांचा प्रकल्प होता. मी विषय घेतला, कापडाच्या थानातून, म्हणजे अख्ख्या ताग्यातून, कमीत कमी वाया घालवून तुकडे कसे कापायचे, त्याचं गणित. तराजू सर मार्गदर्शक. ते म्हणाले, दर आठवड्याला कच्चं काम दाखवायला या. बाकीची पोरं जायची, खाडाखोडीचे कागद घेऊन, निम्मं चुकलेलं, शाई सांडलेलं. मला त्यांची कीव यायची. असलं घेऊन कुणी जातं का चारचौघांत? मला वाटायचं, 'या' म्हणणं ही सरांची रीत झाली, गिऱ्हाईकही म्हणतंच की, मधे एकदा बघून जातो. आपण शहाण्यानं 'झालं की सांगतो' म्हणायचं. मी तेच म्हणत राहिले. घरी शटर अर्धं खाली ओढून महिनोन्‌महिने डोकं फोडलं. जमलं, तेव्हा मोत्यासारख्या अक्षरात लिहून काढलं आणि कच्चे कागद झाडून चिंध्यांबरोबर उकिरड्यावर टाकले. पहिला भाग द्यायच्या शेवटच्या दिवशी सरांच्या टेबलावर प्रकल्प ठेवला आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. हसू येतं आता. तेव्हा उभी होते खरी.

सरांनी पानं चाळली. खूप वेळ चाळली. मग म्हणाले, "विषय घरचा आहे. गणित घरचं नाही. कुणाकडून करून घेतलंस?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दोन दिवसांत चौकशीची नोटीस आली, तारीख पंधरा दिवसांनंतरची. नक्कल ठरली तर कॉलेजातून नाव कापणार. आणि नाव कापलं की माझं शिक्षण तिथंच संपलं, कारण काका पहिल्यापासून टपून बसला होता. "शिकून काय दिवे लावणार आहे? माणूस कमी आहे इथं, बसव तिला मशिनवर." बाबा म्हणायचे, पदवी होऊ दे, मग बघू. आता कुठल्या तोंडानं म्हणणार होते? आईनं ऐकलं आणि नुसतं विचारलं, "चोरी म्हणाले तुला?" तिच्या हातातलं बटण खाली पडलं, ते तिनं उचललं नाही.

मी दाभण पिशवीत घातलं आणि कॉलेजात गेले. सरांची गाडी कुठं लागते ते मला माहीत होतं. आधी ताईंच्या खोलीत डोकावले, निरोप घ्यायला म्हणा हवं तर. ताईंनी माझं तोंड बघितलं, पिशवी बघितली, हात घालून दाभण बाहेर काढलं.

"हे कशाला?"

"चारही टायर."

"अस्सं! त्याचे टायर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होतील. तुझं वर्ष कोण दुरुस्त करणार? मी?" त्यांनी दाभण टेबलाच्या खणात टाकलं. "बये, सूड घ्यायची अक्कल लागते. बस खाली आणि पहिल्यापासून सांग. रडायचं असेल तर आत्ता रडून घे, तिथं एक टिपूस चालणार नाही."

मी रडले. मग सांगितलं. कच्चे कागद उकिरड्यावर टाकले म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. का टाकले, ते सांगितल्यावर मात्र हात तसाच कपाळावर राहिला.

"उघडा सोफा दाखवायचा नाही," त्या हळू म्हणाल्या. "आणि तो मेला तिथं उघडा सोफाच बघायला बसलाय. अगं, त्यांच्यात तयार सोफ्याला किंमत नसते! तू फाडलास कसा, त्यात उंदीर किती निघाले, ते बघायचं असतं त्यांना." मग एकदम उठल्या. "ठीक आहे. कागद नाहीत ना? मग त्यांच्यासमोर फाडू."

चौकशीपर्यंत ताईंनी माझं जे काही केलं त्याला तालीम म्हणतात की छळ, मला माहीत नाही. खोलीत फळा टांगला, सगळ्या पोरांना समोर बसवलं आणि रोज नवं गणित. नियम एकच, सुचेल ते लगेच लिहायचं आणि चुकलं तर पुसायचं नाही, काट मारून पुढं जायचं. मला घाम फुटायचा. खडू हातात आला की मी गप्प उभी राहायची, डोक्यात सगळं सोडवून होईस्तोवर. "लिही!" ताई ओरडायच्या. "दगड झालीस का?" एकदा मी चिडून खडू भिंतीवर फेकला आणि म्हटलं, चारचौघांत नागडं उभं केल्यासारखं वाटतंय. ताई म्हणाल्या, "वाटू दे. त्यांच्या पोरांना लहानपणापासून सवय आहे चारचौघांत चुकायची. त्यांचं चुकलं तर चुकलं म्हणतात. आपलं चुकलं तर घराणं काढतात. ती सवय आज आपण उसनी घेतोय. उचल खडू."

चौकशी प्राचार्यबाईंच्या खोलीत. त्या, आणखी एक तरुण शिक्षक, आणि तराजू सर. माझ्या बाजूला ताई. प्राचार्यबाई सरळ होत्या. त्यांनी विचारलं, हे तू केलंस याचा काही पुरावा? मी म्हटलं, नाही. सरांनी कडेला बघून किंचित मान हलवली, मोडक्या वस्तूकडे बघून हलवतात तशी. तेव्हा मला खणातल्या दाभणाची फार आठवण झाली.

ताई म्हणाल्या, "फळा आहे इथं. सरांनीच गणित बदलून द्यावं. जे पाठ करून येता येणार नाही असं."

सरांनी विचार केला आणि दिलं. थानाच्या मधोमध एक डाग आहे असं धर. त्यावरून एकही तुकडा कापायचा नाही. आता मांड.

मी उठले. खडू घेतला. आणि झालं, पुन्हा दगड! इतक्या दिवसांची तालीम पालथ्या घड्यावर पाणी. डोक्यात मी शटर ओढून बसले होते, आतल्या आत मापं फिरवत होते, आणि फळा कोरा. तरुण शिक्षक खुर्चीत चुळबुळले. सर सौम्यपणे म्हणाले, "राहू दे. मुलीला ताण नको."

"अगं फाड की पोट!" ताई एवढ्यानं ओरडल्या की बाहेरचा शिपाई दार उघडून आत आला.

मी लिहिलं. पहिलीच ओळ चुकली. काट मारली. दुसरी लिहिली, तीही भरकटली, डाग दोनदा मोजला होता. काट. कान तापले होते, पण मी बोलत होते, मोठ्यानं, सगळं. इथं असं वाटतंय, नाही, चुकलं, थानाचे दोन भाग धरून बघते, हां, आता एक तुकडा आडवा जातो. फळा म्हणजे उकिरडा झाला होता. तरुण शिक्षक पुढं सरकून बसले होते. मी शेवटाशी आले आणि उत्तर उफराटं यायला लागलं. पुन्हा बघितलं, पुन्हा उफराटं.

"उणेनं भागलंस ना तिथं?" मागून आवाज आला. "मग कमी-जास्तचं चिन्ह उलटं होईल."

तराजू सर. खुर्चीतून अर्धे उठले होते, बोट फळ्याकडे. मी चिन्ह उलटं केलं. उत्तर सुटलं. आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला काहीतरी शिकवलं हे त्यांच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं. ते खाली बसले.

प्राचार्यबाईंनी तिथल्या तिथं नक्कलीचा आरोप काढून टाकला. सरांनीही हरकत घेतली नाही. मी ताईंकडे बघितलं, म्हटलं आता यांच्या चेहऱ्यावर एखाद्या सावकाराचं घर लुटल्याचा आनंद असेल. होताही. त्या ताठ उभ्या राहिल्या होत्या, इतक्या वर्षांचं काहीतरी आता बोलणार अशा. तेवढ्यात सरच त्यांच्याकडे वळले.

"फार मेहनत घेता हो या मुलांसाठी," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, तेच तर वाईट. "तुम्ही स्वतः कुठल्या कॉलेजच्या?"

ताई म्हणाल्या, "इथलीच. तुमच्याच वर्गातली."

"हो का?" सरांनी चष्मा वर करून बघितलं. "नाही हो आठवत. पुष्कळ येतात, पुष्कळ जातात."

ताईंचा चेहरा उतरताना मी तेवढा एकदाच पाहिला. सरांना काही डाचत नव्हतं. कधीच डाचलं नव्हतं. ते मान खाली घालून जायचे ती त्यांची चालायची पद्धत होती. एवढी पोरं पास झाली, निकालाच्या दिवशी एवढ्या फेऱ्या झाल्या, आणि त्या माणसाला कुणाच्या मिरच्या, कुणाचं नाक, काही पत्ताच नव्हता. ताई वेणीचं टोक हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

इकडे प्राचार्यबाई मला सांगत होत्या, "झालं ते झालं. प्रकल्पाचा दुसरा भाग अजून बाकी आहे, त्याला मी तुला दुसरे मार्गदर्शक देते. हे सर तयार आहेत." तरुण शिक्षक हसून मान डोलवत होते. भले गृहस्थ होते.

"नको," मी म्हटलं. "मला तराजू... मला हेच सर हवेत."

सरांनी चमकून बघितलं.

"दर आठवड्याला येईन. कच्चं काम घेऊन. सगळी खाडाखोड दाखवीन, एकही कागद टाकणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज किती गोड येत होता, मलाच नवल वाटलं. "फक्त मला एकटीला भीती वाटते. साहाय्य कक्षाच्या ताई माझ्याबरोबर बसतील. चालेल ना बाई?"

प्राचार्यबाई म्हणाल्या, त्यात न चालण्यासारखं काय आहे? सरांना काही बोलायला जागा उरली नाही. बाहेर आल्यावर ताईंनी माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठले.

पहिल्या सोमवारी आम्ही दारावर टकटक केलं. सर म्हणाले, या. मी कागद टेबलावर पसरले. ताई बसल्या नाहीत. उभ्या राहून, हात बांधून, शाळेत सांगतात तसं त्यांनी सांगितलं, "नमस्कार सर. मी लाकडाच्या वखारीतल्या हमालाची मुलगी. तुम्ही ओझं खाली ठेवायला सांगितलंत, म्हणून तुमच्या वर्गातून उठून गेले होते." सरांचं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते तसंच राहिलं. मग त्यांनी घसा खाकरला आणि माझी पहिली चूक दाखवली.

पुढच्या सोमवारी ताईंनी पुन्हा तेच सांगितलं. त्याच्या पुढच्याही. आवाज न चढवता, शब्द न बदलता. मी मान खाली घालून कागद लावत बसायची, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात साखर पडायची. एका सोमवारी सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा एव्हाना बराच म्हातारा दिसायला लागला होता.

"अहो, माहीत आहे मला," ते म्हणाले. "आठवलं मला सगळं. परवाच आठवलं. तो बाकही आठवला."

ताईंनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसल्या.

"असू दे," त्या म्हणाल्या. "वर्षभर सांगणार आहे."